रॉबसनचं वर्तुळ

सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी आम्रपाली ओव्हाळच्या टेबलावर दिवसाचा पहिला नग आला. गिअरबॉक्सचं अॅल्युमिनियमचं कवच, मशीनवरून नुकतंच उतरलेलं, अजून कोमट. शिफ्टचा पहिला नग तपासून ती सही करत नाही तोवर मशीनवर दुसरा नग चढत नाही. ऑपरेटर हात पुसत बाजूला उभा होता. तिने भोकात गेज उतरवलं, तीन ठिकाणी फिरवलं, काटा पाहिला आणि आकडा लिहिला. अशी चौदा मापं. सात वाजून एकोणीस मिनिटांनी सही झाली आणि मशीन सुरू झालं.

त्या मंगळवारी तिचं चित्त कामात नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. चौदाही आकडे बरोबर होते. मात्र साडेअकराला, जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर एक नोटीस लागणार होती. कंपनीच्या फुटबॉल संघाचा नवा कोच कोण, हे त्या नोटिशीवरून कळणार होतं. रिंगणात दोन नावं होती. एक डिस्पॅचमधल्या शेखर नेवाळेचं. तो संघाचा गोलकीपर. दुसरं तिचं.

आम्रपाली सदतीस वर्षांची आहे. चाकणच्या या कारखान्यात तिला पंधरा वर्षं झाली. कोचची जागा नऊ वर्षं स्टोअर्सच्या दत्तोबांकडे होती आणि नऊही वर्षं ती तिला हवी होती. दत्तोबा मे अखेरीस निवृत्त झाले.

तिचे वडील भीमराज पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात पॅकिंगला होते. घर कंपनीच्या कॉलनीत, मागे मैदान. भीमराज कामगार संघात डावीकडे बचावाला खेळायचे आणि रविवारी मुलीला सोबत न्यायचे. पंधराव्या वर्षी तिने कॉलनीतल्या आणि शेजारच्या चाळींतल्या मुली गोळा करून अकरा जणींचा संघ केला. या संघाला कोच नव्हता. कामगार संघाचा कोच रविवारी अर्धा तास उसना मिळे. बाकी काय ते मैदानात धावता धावता आम्रपालीच बघायची.

एका जिल्हास्तरीय सामन्यात तिचा घोटा मुरगळला. उत्तरार्धातला जवळजवळ अर्धा तास ती रेषेबाहेर उभी होती. आत खेळताना तिला फक्त समोरच्या दोघी-तिघी दिसत. बाहेरून पहिल्यांदाच सगळं मैदान एकदम दिसलं: आपल्या मुली उजवीकडे गोळा झाल्यात आणि डावी बाजू मोकळी पडलीय. तिने ओरडून दोघींना सरकवलं. सामना एक-एक बरोबरीत सुटला. पाय बरा झाल्यावर ती आणखी चार वर्षं खेळली, पण आत असताना तिला ते चित्र पुन्हा दिसलं नाही. पुढे वडिलांच्या कारखान्यातलं काम घटत गेलं, कॉलनी रिकामी झाली, मुली पांगल्या. ओव्हाळ कुटुंब चिखलीत आलं. आम्रपालीने डिप्लोमा केला आणि चाकणचा रस्ता धरला. रेषेबाहेरच्या त्या अर्ध्या तासाला आता बावीस वर्षं झाली.

त्याच्या बदल्यात तिने एक सवय लावून घेतली. नवरा समाधान याचं चिखलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि शनिवारी तो संध्याकाळी उशिरापर्यंत दुकानातच असतो, त्यामुळे टीव्ही तिचा. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगचा सामना लागला की पंचावन्नाव्या मिनिटाला ती आवाज बंद करते आणि वहीत लिहिते: कोणाला बाहेर काढायचं, कोणाला आत घ्यायचं, कोणी कुठे सरकायचं. मग मॅनेजर, म्हणजे तिथला कोच, काय करतो ते बघते आणि जुळलं तर बरोबरची खूण करते. अकरा हंगाम, चारशे दोन सामने, एकशे सदतीस खुणा. म्हणजे चौतीस टक्के. कारखान्यात शंभरातले चौतीसच नग बरोबर निघाले तर लाइन बंद करतात. फुटबॉलमध्ये चौतीस चांगले की वाईट, हे सांगणारं तिला अजून कोणी भेटलेलं नाही.

पहिल्या शिफ्टची बस चिखलीतून पाच पन्नासला सुटते आणि तळवडे, महाळुंगे करत गेटवर येते. मागच्या चार रांगा फुटबॉलवाल्यांच्या. अकरा पुरुष आणि आम्रपाली. दर मे महिन्यात, लीग संपली की, या रांगांमध्ये त्या लीगच्या आजवरच्या सगळ्यात थोर मॅनेजरांची यादी होते. २०१४पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. यादी आम्रपाली लिहिते, कारण तिचं अक्षर चालत्या बसमध्येही वाचता येतं.

पहिलं नाव फर्ग्युसनचं. एकवीस हंगामांत तेरा विजेतेपदं, त्यामुळे तिथे वाद नाही. वाद दुसऱ्या नावापासून. ग्वार्डिओलाची सहा विजेतेपदं मोठी, की व्हेंगरची बावीस वर्षं आणि त्यातला एकही सामना न हरलेला एक हंगाम? यंदा भांडण खालच्या क्रमांकावर अडलं. रानिएरी आणि क्लॉप, दोघांचं एकेकच विजेतेपद. रानिएरीने ते लेस्टरसारख्या संघाला मिळवून दिलं, ज्याला कोणी मोजतही नव्हतं, म्हणून तो वर, असं सहा जणांचं म्हणणं. शेखरचं म्हणणं, रानिएरी लेस्टरला आलेला पाहुणा. पाहुण्याला ताट वाढायचं, सातबाऱ्यावर नाव चढवायचं नाही. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस, त्याला सगळं जमिनीच्या हिशेबात सुचतं. चार दिवस बस तिथेच अडली होती.

पाचव्या दिवशी आम्रपालीने तोडगा काढला. कारखान्यात प्रत्येक लाइनवर एक तक्ता असतो, त्याला सगळे स्किल मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत मशीन, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं एक वर्तुळ. काम माहीत असेल तर पहिला पाव भाग काळा करायचा. कोणाच्या देखरेखीखाली जमत असेल तर दुसरा. एकट्याने जमत असेल तर तिसरा. दुसऱ्याला शिकवून तयार केलं असेल तर चौथा. पाव क्रमाने भरायचे, मधला मोकळा ठेवून पुढचा भरता येत नाही. आम्रपालीने हेच मॅनेजरांना लावलं. या लीगमध्ये संघ सांभाळला, एक पाव. पडलेला संघ वर आणला, दोन. लीग जिंकली, तीन. हाताखाली घडलेल्या माणसाने ही लीग जिंकली, तर चार.

बसला कल्पना आवडली. फर्ग्युसनला चौथा पाव मिळत नाही, हे लक्षात येईपर्यंत आवडली. त्याच्या हाताखाली खेळलेले पुष्कळ जण पुढे मॅनेजर झाले, पण ही लीग त्यांतल्या एकानेही जिंकली नाही. तीनवर थांबलेला फर्ग्युसन बघून मागच्या रांगेतले दोघे तिच्याशी तळवड्यापर्यंत बोलले नाहीत.

मग तिने रॉबसनचं नाव काढलं. बॉबी रॉबसन, न्यूकॅसलचा म्हातारा मॅनेजर. तळाला गेलेला संघ त्याने वर आणला, लीग मात्र कधी जिंकली नाही. त्याआधी बार्सिलोनात असताना त्याच्या हाताखाली मोरिन्हो होता, जो त्याच्याकडे आधी दुभाष्या म्हणून लागला होता. त्याच संघात ग्वार्डिओला खेळत होता. त्या दोघांनी पुढे ही लीग मिळून नऊ वेळा जिंकली. रॉबसनचा चौथा पाव भरायला हवा, असं आम्रपालीचं म्हणणं.

"लीग जिकली का त्यानं?" शेखरने विचारलं.

"नाही."

"मग तिसरा पाव न्हाई. तिसरा न्हाई तर चौथा कुटनं आणायचा? क्वालिटीच्या मॅडम तुमी, ताई. आमी काय, खोकी मोजणारी माणसं."

बस हसली. ती म्हणाली, ज्यांनी जिंकली त्यांना शिकवलं कोणी, ते तरी बघा. शेखर म्हणाला, शिकवलं आसंल की, आमी कुटं न्हाई म्हणतो. पण आधी सोता जिकून दावलं पायजे.

नियम तिचाच होता. पंधरा वर्षांत तिने तिसरा पाव मोकळा ठेवून कोणाचा चौथा भरला नव्हता. तिने लिहिलं: रॉबसन, दोन पाव, क्रमांक अकरा. महाळुंग्याला यादी पूर्ण झाली, कोणीतरी तिचा फोटो काढला आणि बसच्या ग्रुपवर टाकला.

तिथून तो फोटो मोनिकाकडे पोचला. मोनिका मनुष्यबळ विभागात आहे, पिंपळे सौदागरहून येते, गेल्याच वर्षी लागली. फुटबॉलचं तिला काही नाही, पण दत्तोबांच्या जागी कोणाला घ्यायचं, हा कागद तिच्या टेबलावर होता. आधीचे कोच तोंडी ठरले होते. कोणी विचारलंच तर दाखवायला कागद नव्हता. वर्तुळांची ती यादी तिला नीटनेटकी वाटली. दोन दिवसांत नोटीस लागली: इच्छुकांनी शनिवारपर्यंत अर्ज द्यावा, निवड स्किल मॅट्रिक्सप्रमाणे होईल, प्रत्येक पावापुढे पुरावा जोडावा. खाली चार ओळी होत्या. खेळ माहीत आहे. देखरेखीखाली सराव घेतला आहे. सामन्यात स्वतंत्र निर्णय घेतला आहे. दुसऱ्याला तयार केलं आहे.

बसमध्ये तिचं कौतुक झालं. ताईंचा फॉर्म्युला थेट ऑफिसात गेला, आता पगारवाढही वर्तुळातच येणार, असं कोणीतरी म्हणालं. ती हसली. तिसरी ओळ तिने तोवर दोनदा वाचली होती.

पहिल्या पावाला तिच्याकडे जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र होतं. दुसऱ्याला दत्तोबांची सही होती. दोन वर्षं सरावाआधीचा व्यायाम तीच घ्यायची. तिसऱ्यासाठी तिने वहीच्या साठ पानांच्या झेरॉक्स जोडल्या. सोमवारी मोनिकाने तिला बोलावून त्या परत दिल्या. वाचून मलाही आश्चर्य वाटलं, ती म्हणाली, पण पुरावा आपल्या संघाचा लागेल. यात उद्धटपणा नव्हता. आम्रपालीही रोज असंच करते. दुसऱ्या कारखान्याच्या नगाचं माप ती आपल्या तक्त्यात घेत नाही.

आपल्या संघाचा पुरावा होता, पण तो शेखरच्या अर्जाला जोडलेला होता.

गेल्या नोव्हेंबरात आंतर-कंपनी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोर तळेगावचा संघ होता. मध्यंतराला कंपनीचा संघ एका गोलाने मागे होता. आम्रपाली नेहमीसारखी गोलच्या मागे पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी होती. त्यांचा सहा नंबरचा खेळाडू प्रत्येक वेळी मोकळा सापडतो आणि सगळे पास त्याच्याकडून सुटतात, हे तिला विसाव्या मिनिटापासून दिसत होतं. ती दत्तोबांकडे गेली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पाण्याचं बघा." मग तिने ते गोलमध्ये उभ्या असलेल्या शेखरला सांगितलं. मध्यंतर झाल्यावर शेखरने दत्तोबांना सांगितलं. दत्तोबांनी एक माणूस त्या सहा नंबरच्या अंगावर सोडला आणि सामना दोन-एक जिंकला. त्या दिवशीच्या अहवालात दत्तोबांनी लिहिलं, मध्यंतरात शेखरच्या सूचनेवरून बदल केला. त्यांच्या माहितीप्रमाणे ते खरं होतं.

ही गोष्ट आम्रपालीने अर्जात लिहिली नाही. सही झालेल्या अहवालाविरुद्ध नुसतं तोंडी म्हणणं टिकत नाही, हे तिला धंद्यामुळे माहीत आहे. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

साडेअकराला नोटीस लागली. शेखर नेवाळे, तीन पाव. आम्रपाली ओव्हाळ, दोन पाव. कोच: शेखर नेवाळे. खाली बारीक अक्षरात, मॅट्रिक्सची पुढील तपासणी डिसेंबरमध्ये. स्पर्धा नोव्हेंबरात असते.

ती ताट घेऊन नेहमीच्या टेबलावर बसली. मटकीची उसळ होती. लोक येऊन बोलून गेले. पावणेबाराला ती लाइनवर परत गेली आणि त्या दिवशी शिफ्ट सुटेपर्यंत तिने दोन नग नापास केले. दोन्ही खरोखर नापास होते. सुपरवायझरने पुन्हा मोजून पाहिले.

साडेतीनच्या बसमध्ये शेखर तिच्या शेजारच्या रांगेत येऊन बसला. एरवी तो शेवटच्या रांगेत पाय पसरून बसतो. महाळुंग्यापर्यंत तो खिडकीतून कंटेनर बघत होता.

"त्यो सा नंबर तुमी सांगितलेला," तो म्हणाला.

"हो."

"अर्ज भरताना मला वाटलं, तुमी लिवलं आसंल. दोगांच्या बी कागदावर आसंल, मग बगू म्हणलं. आज कळलं, तुमी लिवलंच न्हाई."

दुपारी दोन वाजता तो मोनिकाकडे जाऊन आला होता. सूचना माझी नव्हती, ओव्हाळ ताईंची होती, असं त्याने सांगितलं. मोनिकाने नीट ऐकून घेतलं. पण तक्त्यावर ऑफिसातल्या तिघांच्या सह्या झाल्या होत्या, तो आता डिसेंबरच्या तपासणीलाच उघडणार. तेव्हा लेखी द्या, ती म्हणाली, मी लावून घेईन. शेखरने हे सगळं सांगितलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सोडून देऊ का मी?" त्याने विचारलं.

"सोडलंत तर जागा मला मिळत नाही. दोन पाववाल्याला नाहीच देणार. मग बाहेरून कोणीतरी आणतील."

हे त्यालाही पटलं. मागच्या रांगा ऐकत होत्या.

"मी गोलात उभा ऱ्हानार," शेखर म्हणाला. "बाहेर रेषेवर कोण?"

ती नियम वाचून बसलेली होती. स्पर्धेत रेषेपाशी फक्त नोंदलेल्या कोचला उभं राहता येतं. बाकीच्यांनी बाकावर बसायचं. शेखर गोलमध्ये असेल तर नोव्हेंबरात रेषेवर कोणीच नसेल. तिने ते त्याला सांगितलं.

"कोनीच न्हाई?"

"कोणीच नाही. तुमच्याऐवजी दुसरा गोलकीपर तयार झाला तर गोष्ट वेगळी."

"पाच महिन्यांत? आपल्यात? ताई, दुसरा म्हंजी त्यो पेंटशॉपचा बुद्धरत्न. त्यो बॉल आला की डोळे मिटतो."

मागून कोणीतरी हसलं. ती हसली नाही. बुद्धरत्नचे हात लांब आहेत, एवढंच म्हणाली. शेखरने मान हलवली. मग त्याला जे खरं बोलायचं होतं त्यावर तो आला. कोचच्या चौथ्या पावासाठी एक माणूस शिकाऊ म्हणून नोंदवावा लागतो. शिकाऊ माणसाला सराव घेता येतो, मध्यंतराला मैदानात जाता येतं. कोचने सही केली की डिसेंबरात त्या शिकाऊ माणसाचा तिसरा पाव भरतो. फॉर्म त्याने आणला होता. शिकणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव.

"मी तुमाला काय शिकवनार हाय, ते तुमाला बी ठावं, मला बी ठावं," तो म्हणाला. "पन कागदाला तसंच लागतंय."

आम्रपालीने फॉर्म घेतला. तळवड्याच्या सिग्नलला बस बराच वेळ थांबली. नऊ वर्षांत तिने स्वतःला पुष्कळ ठिकाणी उभं राहिलेलं कल्पून पाहिलं होतं: पावसात, बरोबरीत, पेनल्टीच्या वेळी. शेखर नेवाळेची शिकाऊ म्हणून कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, सराव कोण ठरवणार. शेखर म्हणाला, तुमी. संघ कोण निवडणार. त्यावर तो म्हणाला, दोगं मिळून. तिने पुन्हा विचारलं, सामन्याच्या मध्यंतराला कोण बोलणार.

"तुमी बोला," शेखर म्हणाला. "मी ऐकनाऱ्यांत बसतो."

"आणि मध्यंतर संपल्यावर?"

मध्यंतर संपल्यावर ती बाकावर बसणार होती आणि समोरची रेषा मोकळी राहणार होती. पंचेचाळीस मिनिटं.

तिने फॉर्म मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. शिकणाऱ्याच्या जागी आम्रपाली भीमराज ओव्हाळ, क्वालिटी, पहिली शिफ्ट, असं लिहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी कंपनीच्या कागदावर तिचं नाव असंच आहे. शिकवणाऱ्याच्या जागी शेखरने सही केली. बस हलत असल्याने ती सही ओळीच्या बाहेर गेली. कागद चालेल का, असं त्याने विचारलं. तिने सही बघितली आणि चालेल म्हणाली.

चिखलीत उतरताना शेखरने विचारलं, पहिल्या दिवशी काय घ्यायचं. तिने सांगितलं, बॉल नाही. पहिला अर्धा तास सगळ्यांनी आळीपाळीने रेषेबाहेर उभं राहायचं आणि आत काय दिसतं ते सांगायचं. शेखर म्हणाला, पोरं वैतागतील. ती म्हणाली, वैतागू देत.

उद्या महिन्यातला पहिला बुधवार आहे. पहिल्या बुधवारी कारखान्याच्या मैदानावर सव्वाचारपर्यंत आग विझवण्याची कवायत असते, त्यामुळे त्यांचा पहिला सराव एरवीपेक्षा उशिरा, साडेचारला सुरू होईल.